स्वतःच्या पायांनी आलेला माल : परदेशातून आणलेल्या जुन्या यॉटींचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. परदेशातून जुनी यॉट विकत आणायची, आणि तीही पैसे वाचवण्यासाठी! ज्याला यॉट परवडते त्याला पैसे वाचवायची गरज काय, असं कुणीही विचारेल. पण इतिहास वाचताना आम्हाला उलटंच दिसत गेलं. बोट जितकी मोठी, तितका तिचा मालक काटकसरी. आणि या काटकसरीपायी सरकारं, कस्टम्सचे अधिकारी, गोदीतले कामगार आणि सर्वोच्च न्यायालयं असे सगळे एकमेकांच्या अंगावर आलेले आहेत. आज आपण बोलणार आहोत ते या भांडणाबद्दल.

सुरुवातीला एक शब्द समजून घेऊ. यॉट हा शब्द डच आहे. मूळ शब्दाचा अर्थ शिकारीशी जोडलेला, म्हणजे पाठलाग करणारी चपळ नाव. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये वनवासातून गादीवर परतला तेव्हा आम्स्टरडॅम शहराने त्याला 'मेरी' नावाची अशी एक नाव भेट दिली. इंग्रजांना नुसत्या मौजेसाठी शिडाची नाव बाळगायची चटक लागली ती इथून, असं साधारण मानतात. म्हणजे बघा, इंग्लंडमधली पहिली नावाजलेली विहारनौकाच मुळी परदेशातून आलेली, आणि फुकटात आलेली. राजाला भेट आली म्हणून तिच्यावर जकात कुणी मागितली नाही. पुढच्या लोकांचं नशीब एवढं थोर नव्हतं.

आता दोनशे वर्षं ओलांडून आपण थेट अमेरिकेत जाऊ. १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या काही हौशी मंडळींनी 'अमेरिका' नावाची शिडाची नौका बांधून घेतली, ती अटलांटिक ओलांडून इंग्लंडला नेली आणि आइल ऑफ वाइटभोवतीची शर्यत जिंकली. अमेरिकाज कप ही पुढे जगप्रसिद्ध झालेली स्पर्धा हिच्याच नावाने ओळखली जाते. ही हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की शर्यत जिंकल्यावर थोड्याच दिवसांत या मंडळींनी ती नौका तिथेच एका इंग्रज लॉर्डला विकून टाकली. बांधकामापोटी त्यांनी साधारण २०,००० डॉलर मोजले होते आणि विक्रीतून सुमारे २५,००० आले. देशाची शान वगैरे ठीक आहे, पण नफा दिसला की नौका विकायची, हे त्या मालकांना पक्कं कळत होतं. जुन्या यॉटींचा आंतरराष्ट्रीय बाजार तेव्हाच सुरू झालेला होता.

पुढच्या चाळीस वर्षांत हा बाजार उलट्या दिशेने वाहू लागला. वाफेच्या यॉटी आल्या. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या गोद्या लोखंडी आणि मग पोलादी जहाजं इतक्या सफाईने आणि इतक्या स्वस्तात बांधत, की अमेरिकन गोद्यांना तो भाव परवडेना. इंग्रज उमराव दोन-चार वर्षं बोट वापरायचे आणि नवी घ्यायचे. त्यांची जुनी बोट म्हणजे उत्तम स्थितीतला, एकदाच हात फिरलेला माल. न्यूयॉर्कच्या धनिकांनी हे हेरलं.

त्यातलेच एक फ्रेडरिक व्हँडरबिल्ट. यांचे आजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, ज्यांना सगळे 'कमोडोर' म्हणत. सोळाव्या वर्षी आईकडून १०० डॉलर उसने घेऊन स्टेटन आयलंड ते न्यूयॉर्क अशी उतारूंची नाव चालवणारा हा माणूस. पुढे आगबोटी, मग आगगाड्या, आणि मरताना अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत. याच कमोडोरनी १८५३ मध्ये 'नॉर्थ स्टार' ही स्वतःची वाफेची बोट बांधून सगळं कुटुंब युरोपला फिरवून आणलं होतं. म्हणजे तरीवर सुरू झालेलं घराणं दोन पिढ्यांत विहारनौकेवर येऊन बसलं. नातवाने १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये बांधलेली 'कॉन्करर' नावाची वाफेची यॉट तिथेच विकत घेतली आणि समुद्रमार्गे न्यूयॉर्कला आणली.

इथून खरी गंमत सुरू होते.

आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, अमेरिकेत मॅकिन्ली टॅरिफ लागू झालं होतं. परदेशी मालावर सरासरी जवळपास ५० टक्के जकात. देशी कारखान्यांना संरक्षण द्यायचं, हा त्यामागचा उघड हेतू. न्यूयॉर्क बंदराचा कस्टम्सचा कलेक्टर म्हणजे त्या काळी फार मोठं प्रस्थ, कारण देशाच्या तिजोरीत येणाऱ्या जकातीचा मोठा हिस्सा या एका बंदरातून जायचा. ऑगस्ट १८९१ मध्ये त्या खुर्चीवर स्लोट फॅसेट नावाचे राजकारणी बसले, आणि त्याच महिन्यात त्यांनी 'कॉन्करर' अडकवली. म्हणणं सरळ होतं : ही परदेशात तयार झालेली वस्तू आहे, तुम्ही ती विकत घेऊन इथे आणलीत, तेव्हा जकात भरा.

फॅसेट या खुर्चीवर काही आठवडेच होते. लगेच पुढच्या महिन्यात त्यांना रिपब्लिकन पक्षाकडून न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळाली आणि ते निवडणुकीला उभे राहिले. हरले. पण त्यांच्या कारवाईतून उभा राहिलेला खटला त्यांच्यापेक्षा चिवट निघाला. तो जवळपास सहा वर्षं चालला.

प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो. जहाज ही 'माल' आहे का? आपण नेहमी म्हणतो जहाजातून माल आला. जहाजच माल म्हणून आलं, असं कुणी म्हणत नाही. बैलगाडीतून भाजी आली तर जकातनाक्यावर भाजी मोजतात, बैल आणि गाडी मोजत नाहीत. पण तोच माणूस गाडी विकायलाच घेऊन आला असेल तर? मग गाडी हाच माल. 'कॉन्करर'मध्ये कुठलाही माल नव्हता. तिचा उपयोगच मुळी मौजेसाठी. म्हणजे ती गाडी होती की भाजी?

व्हँडरबिल्ट यांच्या बाजूचा युक्तिवाद इतिहासावर उभा होता, आणि म्हणूनच तो आम्हाला आवडतो. अमेरिकेची पहिली काँग्रेस १७८९ मध्ये भरली. त्या जुलैत तिने दोन वेगळे कायदे केले. एक आयात मालावरच्या जकातीचा आणि दुसरा जहाजांवरच्या टनेज कराचा. दुसऱ्यात अमेरिकन जहाजाला टनामागे ६ सेंट आणि परदेशी जहाजाला ५० सेंट असा भेद होता. त्याशिवाय नोंदणीचा कायदा होता, ज्यामुळे परदेशी बांधणीच्या जहाजाला अमेरिकन जहाजाचे हक्क मिळत नसत. म्हणजे परदेशी जहाजाला सरकारने मोकळं सोडलेलं नव्हतंच. पण त्याच्यासाठी वेगळा दरवाजा होता : टनेजचा आणि नोंदणीचा. मालाच्या दरवाजातून त्याला कधी आत घेतलं नव्हतं. मॅकिन्ली टॅरिफच्या लांबलचक यादीत बारीकसारीक हजार वस्तू होत्या, त्यात जहाज नव्हतं. एवढी मोठी वस्तू काय यादी करणाऱ्याच्या नजरेतून सुटली असेल?

१८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी लिहिला, ज्यांची सागरी कायद्यातली हयात डेट्रॉइटला ग्रेट लेक्सच्या काठावर गेली होती. निकाल असा, की जहाज हे टॅरिफच्या अर्थाने आयात माल नाही. जकात नाही. व्हँडरबिल्ट जिंकले.

पण थांबा. निकालाला दुसरा भाग आहे, आणि आमच्या मते इतिहासात जास्त टिकला तो हाच. बोट अडकवून ठेवली, मालकाचा तेवढ्या काळातला वापर बुडाला, म्हणून खालच्या कोर्टाने व्हँडरबिल्ट यांना नुकसानभरपाई मंजूर केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. मालवाहू जहाज अडकलं तर भाडं बुडतं, ते मोजता येतं. इथे काय बुडालं? एका श्रीमंत माणसाचं हवा खायला जाणं. ही बोट भाड्याने जायची नव्हती, तिच्यापासून उत्पन्न नव्हतं, मग पैशातलं नुकसान सिद्ध कसं करणार? खरोखर उत्पन्न बुडालं असेल, किंवा बुडालं असं खात्रीने म्हणता येईल, तरच भरपाई.

खाजगी मौजेच्या बोटीची टक्कर झाली, ती दोन महिने दुरुस्तीला पडली, तर 'माझा उन्हाळा वाया गेला' याचे पैसे मागणाऱ्या मालकांसमोर अमेरिकन कोर्टांत हा निकाल आजही ठेवला जातो. विचार करा, एकाच निकालात दोन गोष्टी ठरल्या. मौजेची बोट आत येताना तिची जकातीपुरती किंमत शून्य, आणि तिची मौज हिरावली गेली तर त्या मौजेची किंमतही शून्य. व्हँडरबिल्ट यांनी पहिला शून्य आनंदाने घेतला आणि दुसरा नाइलाजाने.

अमेरिकन गोद्यांना अर्थातच हा निकाल झोंबला. डेलावेअर नदीकाठच्या, न्यूयॉर्कच्या, मेनच्या गोद्यांमध्ये रिबेट मारणारे, सुतारकाम करणारे, शिडं शिवणारे हजारो लोक. श्रीमंतांनी सगळ्या वस्तूंवर जकातीचं संरक्षण घेऊन कारखाने उभारायचे, कामगाराने त्या जकातीमुळे महाग झालेलं कापड विकत घ्यायचं, आणि त्याच श्रीमंताने स्वतःसाठी बोट मात्र बिनजकातीची स्कॉटलंडहून आणायची! या तक्रारीत दम नव्हता असं आम्हाला तरी म्हणवत नाही.

तक्रारीचं उत्तर १९०९ च्या पेन-ऑल्ड्रिच टॅरिफमध्ये आलं. त्यातल्या ३७ व्या कलमाने शब्दांचा घोळच मिटवला. बोट माल आहे की नाही, हा वाद घालायचाच नाही. परदेशी बांधणीची यॉट अमेरिकन नागरिकाच्या मालकीची असेल, किंवा त्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भाड्याने घेतली असेल, तर तिच्या वापरावर दरवर्षी ग्रॉस टनामागे ७ डॉलर कर. नको असेल तर एकदाच बोटीच्या किमतीच्या ३५ टक्के भरा आणि कायमचे सुटा. ५०० टनांची यॉट धरली तर वर्षाला ३,५०० डॉलर. जुनी, भाव उतरलेली बोट असेल तर ३५ टक्के एकरकमी भरणं सोयीचं, नवीकोरी महागडी असेल तर वर्षाचा कर सोयीचा. म्हणजे जुन्या बोटीच्या खरेदीदाराला हिशोबाची वही घेऊन बसणं आलं.

मंडळी पुन्हा कोर्टात गेली. फेब्रुवारी १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकदम काही खटले निकाली काढले. देशी आणि परदेशी बोटीत भेद करणं म्हणजे अन्याय नव्हे, कर वैध, असा मुख्य निकाल. एका मालकाचं म्हणणं होतं की माझी बोट कधी अमेरिकेच्या पाण्यात आलीच नाही. कोर्ट म्हणालं, तुम्ही नागरिक आहात ना? मग भरा. मात्र जो नागरिक कायमचा परदेशातच वास्तव्याला आहे त्याला हा कर लावायचा असं कायद्यात स्पष्ट म्हटलेलं नाही, म्हणून तो सुटला. ज्यांना बोटीपेक्षा घरच हलवणं परवडत होतं, ते वाचले.

यानंतर पंधरा-एक वर्षांनी हाच खेळ जर्मनीत पुन्हा मांडला गेला. पहिल्या महायुद्धात हरलेला देश, गोद्या रिकाम्या, कारागीर उत्तम आणि मजुरी कमी. कीलमधल्या क्रुपच्या गोदीतून व्हिन्सेंट अ‍ॅस्टर यांची 'नूरमहाल' १९२८ मध्ये निघाली. (हो, नूरमहालच. आपल्या मोगल इतिहासातलं हे नाव अ‍ॅस्टर घराण्याच्या बोटींना कसं काय चिकटलं तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल.) १९३१ मध्ये तिथूनच 'आल्वा' निघाली, आपल्या 'कॉन्करर'वाल्या फ्रेडरिक यांच्या पुतण्याची, दुसऱ्या विल्यम व्हँडरबिल्टची. आणि त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस गोदीत तयार झाली ती या सगळ्यांची महाराणी, 'सॅव्हरोना'. लांबी १३६ मीटर. मालकीण एमिली रोबलिंग कॅडवॉलडर, म्हणजे ब्रुकलिन ब्रिजची आखणी करणाऱ्या जॉन रोबलिंग यांची नात.

'सॅव्हरोना' अमेरिकेत कधी गेलीच नाही. तिथे नेली असती तर जकात एवढी बसली असती, की स्वस्त बांधणीतून वाचलेलं सगळं धुऊन निघालं असतं. म्हणून मालकिणीने जगातली एक भव्य यॉट स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यापासून लांबच ठेवली. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसं. शेवटी बोट विकायला काढली.

१९३८ मध्ये ती तुर्कस्तानच्या सरकारने विकत घेतली, सुमारे १२ लाख डॉलरला. बांधायला याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. अध्यक्ष मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्यासाठी ही खरेदी होती. सात वर्षं जुनी, एका अमेरिकन बाईंनी हौसेनं बांधलेली, जकातीच्या भीतीने देशोधडीला लागलेली बोट जूनच्या सुरुवातीला इस्तंबूलला पोहोचली. अतातुर्क तेव्हा खूप आजारी होते. यकृताचं दुखणं होतं. त्यांनी या बोटीवर सहा-एक आठवडे काढले, मंत्र्यांच्या बैठकाही तिथेच घेतल्या, आणि मग त्यांना किनाऱ्यावर डोल्माबाह्चे राजवाड्यात हलवावं लागलं. १० नोव्हेंबरला ते गेले. बोट राहिली. पुढे ती तुर्की नौदलाचं प्रशिक्षण जहाज झाली, १९७९ मध्ये आगीत बरीचशी जळली, मग भाडेपट्ट्याने देऊन तिची दुरुस्ती करून घेण्यात आली. ती अजून तुर्कस्तानातच आहे.

'आल्वा'चं जे झालं ते मात्र कथाकाराला सुचलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा व्हँडरबिल्टनी ती अमेरिकन नौदलाला देऊन टाकली. तिचं नाव 'प्लिमथ' झालं, ती गस्तीच्या आणि जहाजांच्या ताफ्यांसोबतच्या कामाला लागली. ऑगस्ट १९४३ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यासमोर यू-५६६ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली. ही पाणबुडी बांधली होती हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोसने. म्हणजे जिथे 'सॅव्हरोना' बांधली, त्याच गोदीने. स्वस्त मजुरी म्हणून ज्या गोद्यांत अमेरिकन पैसा गेला, त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशोब जकातीच्या कुठल्या पावतीवर येत नाही.

आता आपण जरा साध्या माणसांकडे येऊ, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर बोटींचा बाजारच बदलला. फायबरग्लास आला. साच्यातून एकासारखी एक बोट काढता येऊ लागली आणि मास्तर, डॉक्टर, दुकानदार असा माणूसही आठ-दहा मीटरची बोट घेऊ लागला. फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या बोटी अजून तरंगतायत आणि विकल्या जातायत. म्हणून जुन्या बोटीची आयात हा फक्त धनिकांचा उद्योग राहिला नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण २००७ चं ब्रिटन. तेव्हा एका पौंडाला दोन डॉलरहून जास्त मिळत. फ्लोरिडातल्या जुन्या बोटींच्या जाहिराती पाहून इंग्रज हौशी माणसाची झोप उडायची. समजा बोट एक लाख डॉलरची, म्हणजे ५०,००० पौंड. आणण्याचा खर्च समजा १०,०००. आता व्हॅट लागणार तो नुसत्या बोटीवर नाही, बोट अधिक वाहतूक अशा ६०,००० वर. तेव्हाचा दर १७.५ टक्के, म्हणजे १०,५०० पौंड. झाले ७०,५००. हा आकडा आम्ही समजावण्यापुरता घेतलाय, पण रीत हीच. तोवर तशीच बोट घरच्या बंदरात ८०,००० ला उभी असेल, तर माणूस म्हणतो, वाचले की साडेनऊ हजार!

आणि मग पुढचा दरवाजा. १६ जून १९९८ पासून युरोपात मौजेच्या बोटींना सीई खूण सक्तीची झाली. बाहेरून प्रथमच येणारी जुनी बोटही यातून सुटत नाही. तिची बांधणी, तोल, गॅसची जोडणी, वीज, इंजिनाचा धूर, सगळं नव्याने तपासून घ्यायचं. अमेरिकन बोटीतली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ब्रिटनच्या धक्क्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे चार्जर, पाणी तापवायची टाकी, एसी, वायरिंग, यातलं बरंच काही बदलणं आलं. बोट बांधणाऱ्या कंपनीने मूळ कागद दिले नाहीत, किंवा ती कंपनीच बुडालेली असली, तर तपासणीचा खर्च आणखी चढतो.

यातला विरोधाभास बघा. १९८५ मध्ये एकाच साच्यातून दोन बहिणी-बहिणी बोटी निघाल्या. एक १९९० मध्ये इंग्लंडला आली, दुसरी अमेरिकेतच राहिली. पहिलीला सीई खूण लागत नाही, कारण ती १९९८ च्या आधीच युरोपात होती. दुसरी आज आणली तर लागते. लाकूड तेच, राळ तीच, वयही तेच. फरक एवढाच की एका ठराविक तारखेला कोण कुठल्या किनाऱ्याला बांधलेली होती. न्यायमूर्ती ब्राउन यांच्या पुढ्यात जो प्रश्न होता, बोट ही वस्तू की प्रवासी, तो इथे वेगळा वेष घालून परत आलेला आहे. जिचा प्रवास आधी झाला ती जुनी रहिवासी, जिचा उशिरा झाला ती नवा माल.

बोटीच्या अंगातले रोग वेगळेच. फायबरग्लासमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपून तळाला फोड येतात, ते रंगाखाली झाकता येतात. वादळात बुडालेल्या, विमा कंपनीने निकालात काढलेल्या बोटी पुसूनपासून बाजारात येतात. समुद्रापलीकडून फोटो पाहून घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्यामुळे जाणकार माणसाकडून बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घेणं, आणि त्याचे पैसे विकणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने देणं, हा सगळ्या देशांतला जुना रिवाज आहे. जो हे पैसे वाचवायला गेला, त्याने बहुधा सगळंच घालवलं.

आपल्याकडचं काय, असं कुणीतरी विचारणार हे आम्हाला ठाऊक आहे. मुंबईत यॉट क्लब १८४६ पासून आहे, पण समुद्र ओलांडेल अशी शिडाची यॉट बांधणारं या किनाऱ्यावर बराच काळ कुणी नव्हतं. म्हणून भारतीय सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनियर्सच्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे ज्या कोअरचे बॉम्बे सॅपर्स पुण्याला खडकीत आहेत त्यांनी, पृथ्वीप्रदक्षिणेचा बेत आखला तेव्हा त्यांनीही तेच केलं जे व्हँडरबिल्टनी केलं होतं. ब्रिटनमधून एक जुनी बोट घेतली. ३७ फुटांची, फिनलंडमध्ये बांधलेली फायबरग्लासची 'स्वान'. 'कॉन्करर'च्या मालकाला ही आपल्या बोटीवरची उतरायची होडी वाटली असती. तिचं जुनं नाव बदलून 'तृष्णा' ठेवलं. कर्नल के. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली दहा अधिकारी, आळीपाळीने. २८ सप्टेंबर १९८५ ला मुंबईहून निघाले आणि १० जानेवारी १९८७ ला मुंबईत परत आले. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा, आणि ती एका वापरलेल्या बोटीतून झाली. टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. जुन्या संग्रहात शोधलंत तर सापडेल.

यानंतर वीस-बावीस वर्षांनी चित्र पालटलं. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून नौदलाने एकट्याने प्रदक्षिणा करायचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा बोट बाहेरून न आणता गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या छोट्याशा गोदीत बांधली गेली. ५६ फुटांची 'म्हादेई'. लाकूड आणि फायबरग्लासची. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये तिच्यातून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. पुढे त्याच बोटीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता गेले. आराखडा मात्र डच होता. आम्स्टरडॅमच्या त्या 'मेरी'नंतर साडेतीनशे वर्षांनीही यॉटचा कागद हॉलंडहूनच यावा, हे आम्हाला गमतीचं वाटतं.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या मनात खरोखरच बाहेरून जुनी बोट आणायचं असेल, तर एवढं लक्षात असू द्या की आपल्या कायद्यात 'कॉन्करर'सारखी पळवाट नाही. टॅरिफच्या यादीत ८९०३ या आकड्याखाली मौजेच्या आणि खेळाच्या नौका अगदी नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. मुख्य जकात वेगळी, आणि जीएसटी जो २८ टक्के होता तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. शिडं उभारून स्वतःच्या बळावर मुंबईत आलात, तरी धक्क्यावर कस्टम्सचा माणूस उभा असणारच.

बरं, अजून पंधरा मिनिटं आहेत. मागच्या रांगेतून हात वर झालेला दिसतोय. तिथूनच प्रश्नांना सुरुवात करू.